शालनचं खोबरं करपलं तेव्हा

“आक्का! ओ हौसाक्का! बसलायसा न्हवं दारात?”

समोरच्या घरातून शालनची हाक आली तेव्हा मी मागच्या मोरीत भांडी घासत होते. हाकेच्या आधी वास आला होता. खोबरं करपल्याचा, आणि नुसतं करपल्याचा नव्हे, पार कोळसा झाल्याचा. साबणाचे हात तसेच घेऊन मी पुढच्या दाराकडे पळाले.

आमच्या सासूबाई, म्हणजे माझ्या आत्या, उंबऱ्यावर बसलेल्या होत्या. पदर नाकातोंडावरून घेतलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर. शालनच्या खिडकीतून धूर निघून गल्लीभर पसरत होता आणि आत्या त्याच्याकडे बघत गप्प बसल्या होत्या.

शालन कढई घेऊनच बाहेर आली. वर्षाच्या चटणीचं सगळं खोबरं त्यात काळंठिक्कर पडलं होतं.

“आवो, तेजूच्या पाठीला शेक देत बसलो हुतो मी. म्हटलं आक्का हायत दारात, मारतील हाक. आक्का, एक हाक मारायची की ओ!”

आत्यांनी मान वळवली नाही. शालन आणखी काहीतरी बोलणार होती, पण तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिनं कढई तशीच पायरीवर टेकवली.

“आक्का, तुमास्नी वास न्हाई आला?”

आत्या गप्प.

“आई अंबाबाई! वैजंता, आगं, आक्कास्नी वास येईना झालाय!”

धडाधड खिडक्या उघडल्या. मी दाराला टेकून उभी राहिले.

आता हे सगळं सांगताना हसू येतं. पण तो एप्रिल आठवा. गाड्या बंद, बाजार बंद, देवळाला कुलूप, आणि टीव्हीवर दिवसभर तेच. आदल्या दिवशीच बातम्यांत सांगितलं होतं, ताप नसला, खोकला नसला तरी वास जातो, तोंडाची चव जाते, तेही ह्या रोगाचंच लक्षण. आमच्या गडहिंग्लजच्या गल्लीत तेवढं एक वाक्य सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. लोक सकाळी उठून आधी चहापत्तीच्या डब्यात नाक घालून बघायचे.

आणि वास कुणाचा गेला, तर आत्यांचा!

आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाची चटणी, म्हणजे आमटी-भाजीत घालायचं मसाल्याचं तिखट, होते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी मिरची, आणि मग खोबरं, तीळ, धणे, खसखस, सगळं वेगवेगळं भाजून कांडपाला न्यायचं. त्यात भाजण्यालाच सगळी किंमत. जरा कच्चं राहिलं तर चटणीला पावसाळ्यात जाळी धरते, जरा जास्त झालं तर वर्षभर कडू आमटी खात बसा. म्हणून आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी चुलीवर कढई चढली की आत्यांना बोलावणं यायचं. त्या जाऊन नुसत्या पाटावर बसायच्या. कढईत बघायच्यासुद्धा नाहीत. डोळे मिटून बसायच्या आणि एकदम म्हणायच्या, “उतरव.” की उतरवायचं. आणखी दोनदा हलवते म्हणणाऱ्या बाईला त्या वर्षी पस्तावायला लागलेलं मी स्वतः पाहिलंय. आणि चटणी कांडून आली की पहिली चिमूट भाकरीवर घालून, वर तेल सोडून, ती आत्यांच्या हातावर. असा रिवाज होता.

त्या वर्षी एकमेकींच्या घरात जायची बंदी. तर आत्यांनी काय करावं? उंबऱ्यावर बसूनच सगळ्या गल्लीची चटणी भाजून घ्यायला सुरुवात केली. गल्ली ती केवढीशी! ह्या दारातून टाकलेला चेंडू त्या घराच्या माजघरात जातो. “सुमन, धणं हलीव!” “कोपऱ्यातली कोण ती, तीळ उतरव, तडतडून गेलं की!” दिवसभर हाच कारभार. टीव्हीवर माणसं मरत होती, आणि आमच्या गल्लीत आत्यांचा आवाज ऐकला की वाटायचं, चला, अजून सगळं जागच्या जागी आहे.

पण त्याआधी एक प्रकरण घडलं होतं, तेही सांगायला पाहिजे.

माझा धाकटा दीर अवधूत पुण्याला नोकरीला. सगळं बंद व्हायच्या आदल्या रात्री तो मोटरसायकलवरून घरी आला. आम्ही त्याला माडीवर ठेवला. ताट जिन्यावर ठेवायचं, त्यानं न्यायचं. पण पुण्याहून आलेला माणूस म्हणजे त्या दिवसांत वाघ आल्यासारखं. आरोग्य केंद्राची आशाताई घरोघर चौकशीला आली तेव्हा आम्ही घरात होतो, आणि समोरच्या शालननं तिला बोट दाखवून सांगितलं, “त्यांचा अवधूत आलाय, माडीवर हाय.” झालं. आमच्या दाराला ‘कुणी आत-बाहेर करू नये’ असा कागद चिकटला. दूधवाल्यानं दूध बाहेरच्या दगडावर ठेवायला सुरुवात केली. गल्लीतली पोरं आमच्या घरासमोरून श्वास रोखून पळायची.

शालनचं तरी काय चुकलं? तिची तेजू पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, बाळंतपणाला माहेरी आलेली. भीती वाटणारच. मला ते कळत होतं. आत्यांनाही कळत असेल. पण शालन लग्न होऊन गल्लीत आली तेव्हापासून आत्यांनी तिला धाकट्या बहिणीसारखी वागवलेली. तिच्या तिन्ही बाळंतपणांत आमच्या घरून डिंकाचे लाडू गेलेले. कागद चिकटला त्या दिवशी आत्या एवढंच म्हणाल्या, “मला इचारायचं तरी हुतं तिनं.” त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही.

तर अशा आमच्या आत्या. साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी, आणि आता हे!

मी त्यांना आत नेलं. आमचे हे दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, ते बाहेरगावी. घरात मी, आत्या आणि माडीवर अवधूत. मी हिंगाची डबी उघडून आत्यांच्या नाकापुढे धरली.

“आत्या, कशाचा वास येतोय?”

“न्हे ते तिकडं.”

“सांगा तरी. येतोय का?”

“वैजंता, मला काय इचारू नगंस.”

कापूर धरला, लसूण ठेचून धरला. आत्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि आडव्या झाल्या. ही बाई एरवी दिवसा अंथरुणाला पाठ न लावणारी! दुपारी आमटी-भात दिला तर दोन घास खाऊन ताट सारलं.

“का हो?”

“तोंडाला चव न्हाई.”

झालं, माझा उरलासुरला धीरही सुटला. वास गेला, चव गेली, आणखी काय राहिलं?

जिन्याच्या वरच्या पायरीवर अवधूत येऊन बसला होता. एवढा बाप्या गडी, पण चेहरा एवढासा झालेला.

“वहिनी, माझ्यामुळं झालं. मी यायलाच नको होतं.”

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आत्या एकदम उठून बसल्या.

“तुझं काय न्हाई त्यात! ऐकलंस? तुझ्यामुळं काय झाल्यालं न्हाई. तू गप जेव.”

“आई, अगं पण—”

“गप जेव म्हटलं न्हवं!”

मला वाटलं, आईच ती, लेकराच्या जिवाला लागू नये म्हणून बोलतेय. माझे डोळे भरून आले.

संध्याकाळी आशाताईचा फोन. गल्लीतून कुणीतरी कळवलंच होतं. सकाळी डॉक्टरीणबाई येतील, आजींना तालुक्याच्या दवाखान्यात नेतील, घशातलं तपासायला पाठवतील, रिपोर्ट येईपर्यंत तिथंच ठेवतील. सोबत कुणी जायचं नाही.

सोबत कुणी जायचं नाही, एवढंच माझ्या कानात राहिलं. त्या दिवसांत लोकांचं काय समजणं होतं, ठाऊक आहे ना? नेलेला माणूस परत येत नाही. आला तरी गुंडाळलेला येतो, आणि तोंडही बघू देत नाहीत. खरं किती, खोटं किती, कुणाला माहीत होतं? डॉक्टरांनाही नव्हतं. मी देवापुढे बसले आणि काय मागावं तेच मला सुचेना.

सकाळी गाडी आली. मागचं दार उघडलेलं, डॉक्टरीणबाई रेनकोटासारखा पांढरा पोशाख घालून उतरल्या, नुसते डोळे दिसत होते. वयानं लहानच असाव्यात, आवाजावरून पोरगीच वाटली. सगळ्या खिडक्यांत माणसं. एरवी एवढी माणसं असली की केवढा कालवा असतो, पण त्या दिवशी कुणी खोकलंसुद्धा नाही. खोकायची सोयच नव्हती म्हणा.

आत्या तयार होऊन बसल्या होत्या. एक लुगडं, गोळ्या आणि मिश्रीची डबी, एवढं पिशवीत. मी पाया पडायला वाकले तर मागे सरकल्या.

“लांब ऱ्हा.” मग हळूच म्हणाल्या, “अवधूतला दही दे जेवताना. आवडतंय त्याला.”

माडीच्या खिडकीत अवधूत उघडउघड रडत होता. “आई! आई, माझ्याकडं बघ तरी!”

आत्यांनी वर पाहिलं नाही.

“आजी, ताप?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि कपाळापुढे ते यंत्र धरलं. ताप नव्हता. “खोकला? दम लागतो?”

“न्हाई.”

“वास येत नाही म्हणे?”

आत्यांनी उत्तर दिलं नाही. मीच म्हटलं, “नाही येत, डॉक्टर. चवही नाही.”

समोर शालन खिडकीच्या गजांना धरून उभी होती. पदरात तोंड खुपसून अशी रडत होती की बघवेना. तिच्या मागे पोटावर हात ठेवून तेजू.

“आक्का!” शालन ओरडली. “आक्का, मी नाव सांगायला नगं हुतं ओ! मला माफ करा! परत या आक्का, माझ्या तेजूचं बाळ तुमी न्हाणायचं हाय!”

आत्यांनी गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला. दांडा धरला. दुसरा पाय उचलला, आणि तसाच अधांतरी ठेवला. मान जरा वर झाली. नाकावरचा पदर हलला.

मग त्या गर्रकन वळल्या आणि अशा ओरडल्या, की दचकून गाडीच्या ड्रायव्हरचा हात हॉर्नवरच पडला.

“शालने! कढई! आगं खोबरं उतरव आदी, मग रड!”

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. शालनलाही नाही. तिनं कांडपवाल्याकडे दुपारचा नंबर लावला होता, म्हणून पहाटेच शेजारून उसनं खोबरं घेऊन, किसून कढईत घातलं होतं. गाडीचा आवाज आला तशी सगळं टाकून खिडकीत धावली होती.

“बघत काय बसलीयास? उतरव!”

शालन आत पळाली. कढई घेऊन दारात आली. खोबरं छान बदामी झालं होतं, कडेनं कुठंकुठं तांबूस. खरं सांगते, मला एवढ्या लांब कसलाही वास आलेला नव्हता. डॉक्टरीणबाई नाकापुढचं कापड सारखं करत हुंगत होत्या, त्यांनाही काही येत नव्हतं.

“आजी,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला वास येतोय?”

आत्या पायरीवरून खाली उतरल्या. पिशवी पोटाशी धरली आणि मान खाली घातली.

“येतोय.”

“मग काल?”

कुणी हलत नव्हतं. अवधूतचं रडणं थांबलं होतं.

“काल बी येत हुता,” आत्या म्हणाल्या. “आदी बदामी झाल्याचा आला. मग तांबूस झाल्याचा आला. मग जळाल्याचा आला. सगळा वास आला. मी गप बसलो.”

“आत्या!” माझ्या तोंडातून निघून गेलं.

“तिनं माझ्या पोराचं नाव दिलं न्हवं का? राग हुता माझ्या पोटात. म्हटलं, जळू दे. एकदाचं गप बसलो, आन् मग तोंडच उघडंना. आयुष्यात कुणाचं करपू दिल्यालं न्हाई मी, वैजंता. दुश्मनाचं बी न्हाई. ही सगळी म्हणाली, आक्कास्नी रोग झालाय. कुणाच्या मनात बी आलं न्हाई, की आक्का मुद्दाम गप बसल्या असतील म्हणून. मग कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, रोग तर रोग. न्हेऊ देत मला.”

खरंच, कुणाच्याच मनात आलं नव्हतं. एवढी सगळी माणसं, कुणी टीव्ही बघून, कुणी मोबाइल बघून शहाणी झालेली. पण आत्यांना वास आला आणि त्यांनी हाक मारली नाही, असं होऊ शकतं हे एकालाही सुचलं नाही. त्यापेक्षा जगभरचा रोग आमच्या उंबऱ्यावर आला, हेच आम्हाला जास्त खरं वाटलं.

शालननं कढई दारात ठेवली. पायरीवर उभी राहून ती आत्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता भडका उडणार. वर्षाची चटणी, पोटुशी लेक घरात, आणि ह्या बाईनं डोळ्यांदेखत जळू दिली!

“मुद्दाम करपू दिलंसा?” शालननं विचारलं.

“व्हय.”

“वास आल्याला?”

“आला हुता म्हणतोय न्हवं!”

“देवाची आण?”

“देवाची आण.”

शालन मटकन पायरीवर बसली. दोन्ही हात कपाळाशी जोडले, आणि हसायला लागली. हसतेय की रडतेय तेच समजेना.

“बरं झालं! आई अंबाबाई, लई बरं झालं! आक्का, बरं झालं ओ करपू दिलंसा! करपवा! आणिक करपवा! माझं समदं घर करपवा, खोबरं गेलं खड्ड्यात!”

तेजू मागून ओरडली, “आई, हसू नको गं, मलाबी हसू येतंय, पोटात कळ येतीया!” तसा सगळ्या खिडक्यांतून एकदम हशा उठला. कित्येक दिवसांत गल्लीत कुणी असं हसलं नव्हतं. सुमनकाकूंनी तर आतून परात आणून बडवायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई त्या रेनकोटात हसून हसून वाकल्या. त्यांचे डोळे पाण्यानं भरले, आणि पुसायची सोय नाही, कारण तोंडाला हात लावायचा नाही!

मग त्यांनी आत्यांना नीट तपासलं, बोटाला लावायचं ते यंत्र लावलं. “ताप नाही, खोकला नाही, श्वास चांगला आहे. वास तर माझ्यापेक्षा जास्त येतोय. मी यांना कशासाठी नेऊ? घरातच ठेवा, बाहेर फिरू देऊ नका. काही वाटलं तर लगेच फोन करा.” जाता जाता मात्र दम दिला, “आजी, पुन्हा असं गप्प बसायचं नाही हं. गाडीला दुसरीकडंही जायचं असतं.”

“न्हाई बसणार, बाळ,” आत्या म्हणाल्या.

गाडी रिकामी गेली. ती वळेपर्यंत मी तिच्याकडे बघत उभी होते, तिनं परत मागे येऊ नये म्हणून. मग आत जाऊन चहा टाकला. त्या गडबडीत साखर दोनदा पडली, आणि तो पाक झालेला चहा आम्ही आनंदानं प्यायलो. अवधूतनं वरून विचारलं, “आई, एवढी कशी गं तू हट्टी? रातभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा.”

“तुला म्हटलं हुतं न्हवं, तुझं काय न्हाई त्यात? ऐकायचं कोण?”

त्या कागदाची मुदत संपली, कागद निघाला. आमच्या घरात त्या उन्हाळ्यात कुणी आजारी पडलं नाही. पुढे कठीण दिवस आले, ते सगळ्यांनाच आले. पण आत्या त्यातूनही राहिल्या. तेजूला मुलगी झाली, आणि तिला पहिली अंघोळ आत्यांनीच घातली. आता ती शाळेत जाते आणि आत्यांनाच नाव ठेवते, “नाकवाली आज्जी” म्हणून.

पण मला आठवते ती त्याच दिवशीची दुपार. जेवणं झाली होती. मी दारातून बघितलं, तर आत्या पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसलेल्या. पदर नाकातोंडावरून, हात गुडघ्यांवर. समोर शालनच्या घरात कढईत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. गल्ली गपगार. मग शालननंच खिडकीशी येऊन विचारलं, जरा भीतभीतच.

“आक्का, राग हाय का गेला?”

आत्यांनी डोळे मिटले होते. कढई तडतडायला लागली तसं पदराखाली त्यांचं नाक हललं.

“राग हाय की,” आत्या म्हणाल्या. “तीळ उतरव.”